साक्ष कोणाची धरायची? दहशतवादाच्या अभ्यासापुढचे प्रश्न

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने मुंबईत दोन निकाल लागले. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरले होते आणि त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली होती. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची सुटका केली. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे मेली. इतक्या वर्षांनंतरही हे कोणी केले, याचे न्यायालयात टिकलेले उत्तर आपल्यापाशी नाही.

या निकालांवर राजकीय बोलणे भरपूर झाले. माझा प्रश्न वेगळा आहे. मधल्या काळात या दोन्ही घटना जगभरच्या माहितीसाठ्यांत नोंदल्या गेल्या, त्यांवर शोधनिबंध झाले, आलेख निघाले. तशा प्रत्येक नोंदीत ‘हल्ला कोणी केला’ हा एक रकाना असतो. तो भरला जातो बातमीवरून. बातमी येते पोलिसांच्या पत्रकार परिषदेतून. आणि पत्रकार परिषद होते कोठडीतल्या कबुलीजबाबावरून. लोकल स्फोटांच्या बाबतीत तर एकाच राज्याच्या पोलीस दलातून दोन उत्तरे आली. दहशतवादविरोधी पथकाने एका गटाविरुद्ध आरोपपत्र दाखल केले आणि २००८ मध्ये गुन्हे शाखेने पकडलेल्या एका संशयिताने हे काम इंडियन मुजाहिदीनचे असल्याचे सांगितले. मालेगावच्याच २००६ च्या स्फोटात आधी पकडलेल्यांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. दरम्यान रकाना भरून झालेला असतो. निकाल फिरला म्हणून दहा वर्षांपूर्वीचा निबंध कोणी दुरुस्त करत नाही, आणि तो निबंध आधाराला घेऊन पुढचे दहा निबंध निघालेले असतात.

दहशतवादाच्या अभ्यासाची मुख्य अडचण मला इथे दिसते. ज्यांच्याकडून माहिती येते त्या प्रत्येकाचा तिच्यात हितसंबंध असतो: हल्ला करणाऱ्याचा, सरकारचा, पोलिसांचा, वर्तमानपत्राचा. इतर सामाजिक शास्त्रांतही असे असते, पण तिथे अभ्यासक स्वतः गावात जातो, विचारतो, पडताळून बघतो. इथे तसे करणारा अभ्यासक स्वतःच संशयित ठरू शकतो.

ही तक्रार अभ्यासकांनी स्वतःच मांडलेली आहे. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू सिल्क यांनी २००१ मध्ये या विषयाच्या दोन प्रमुख नियतकालिकांतले पाच वर्षांचे लेख तपासले. ८० टक्क्यांहून अधिक संशोधन सर्वस्वी किंवा मुख्यतः आधीच छापलेल्या मजकुरावर उभे होते. म्हणजे पुस्तकांवरून पुस्तके आणि बातम्यांवरून निबंध. बहुतेक लेखक एकदाच लिहून या विषयातून निघून गेलेले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि या क्षेत्रात पैसा व माणसे यांचा लोंढा आला. तेरा वर्षांनी मार्क सेजमन यांनी लिहिले की हे क्षेत्र साचून राहिले आहे. सेजमन आधी अमेरिकी गुप्तचर खात्यात होते, पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. त्यांचे दुखणे असे होते की माहिती सरकारी यंत्रणांपाशी आहे पण तिला शास्त्रीय पद्धत नाही, आणि विद्यापीठांपाशी पद्धत आहे पण माहिती नाही. नंतर नेदरलँड्समधल्या बार्ट स्कुरमन यांनी २००७ ते २०१६ या काळातले नऊ नियतकालिकांतले ३,४४२ लेख तपासले, तेव्हा चित्र सुधारलेले दिसले. स्वतः गोळा केलेल्या माहितीचा वापर वाढला होता. पण एकेकट्याने काम करणे आणि एकदाच लिहून निघून जाणे, या दोन्ही सवयी टिकून होत्या. या विषयात आयुष्य घालवणारे कमी आहेत, आणि त्यामागची कारणे वैयक्तिक नाहीत.

आधी आकड्यांचे बघू. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’ हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा खुला माहितीसाठा. १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटना त्यात आहेत. त्याचा पहिला मोठा भाग पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी कार्डांवर नोंदून ठेवला होता. कार्यालय हलवताना त्यातली एका वर्षाची कार्डे गहाळ झाली. ते वर्ष १९९३. बातम्या शोधून त्या वर्षाच्या थोड्याच घटना परत जमवता आल्या, त्याही वेगळ्या ठेवाव्या लागल्या. जगभराच्या आलेखात त्या जागी खंड असतो. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसे मारणारी स्फोटमालिका याच वर्षातली. पुढे नोंदी करणाऱ्या संस्था बदलल्या, २०१२ च्या सुमारास बातम्या शोधायला संगणकाची मदत आली आणि घटनांची संख्या एकदम चढली. त्या चढातला काही भाग नव्या साधनांचा आहे. हा इशारा डेटाबेस चालवणाऱ्यांनी स्वतः दिला आहे. तो वाचल्याविना आलेख काढणारे मात्र पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने या कामाचे पैसे थांबवले, तेव्हापासून नोंदी अद्ययावत ठेवणेही कठीण झाले.

भारतात बहुतेकांचा आधार ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ हा असतो. के. पी. एस. गिल यांनी उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचे हे काम मोलाचे आहे. ते नसते तर आपल्याकडे सलग आकडेच नसते. पण तेही बातम्यांवर चालते. आता गडचिरोलीच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची घटना घ्या. रात्री एका माणसाला मारून टाकले. शेजारी पत्रक सापडले: पोलिसांचा खबऱ्या होता म्हणून मारला. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक निघाले: निरपराध आदिवासीची नक्षल्यांनी हत्या केली. जिल्हा आवृत्तीत चार ओळी आल्या, दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रात आल्याही नाहीत. तो माणूस खरोखर कोण होता, जमिनीचा वाद होता का, जुने वैर होते का, हे गावाला माहीत असते. ते गोंडीत आणि माडियात सांगितले जाते आणि कुठल्याच रकान्यात येत नाही.

व्याख्येच्या वादावर मी फार शाई खर्च करणार नाही. अॅलेक्स श्मिड यांनी १९८० च्या दशकातच शंभराहून अधिक व्याख्या गोळा करून दाखवल्या आणि संख्या वाढतच गेली. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अजून व्याख्येवरच अडलेला आहे. तरीही एक मुद्दा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ ला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रौलट समितीचा १९१८ चा अहवाल हिंसक कटांची हकिगत मुंबई इलाख्यापासून, म्हणजे पुण्यापासूनच सुरू करतो. आपण ज्यांना क्रांतिकारक म्हणून शाळेत शिकलो, त्यांच्याविषयीची पहिली पद्धतशीर माहिती पोलीस खात्याने, खटल्यांसाठी आणि नव्या कायद्यासाठी गोळा केलेली होती. दामोदरपंत चापेकरांनी आत्मवृत्त लिहिले तेही तुरुंगात. इतिहासकाराला हे कागद वापरावेच लागतात, पण ते कोणी, कोणासमोर आणि कशासाठी लिहिले हे विचारूनच. आजच्या आरोपपत्राला हाच प्रश्न विचारणारा अभ्यासक मात्र गोत्यात येतो.

आता पद्धतीकडे वळू. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ मधल्या ३१५ आत्मघातकी हल्ल्यांचा अभ्यास करून दाखवले की त्यांमागे धर्मवेडापेक्षा परकीय फौज हटवण्याचा हेतू प्रबळ असतो. सर्वाधिक हल्ले एलटीटीईचे होते, हा त्यांचा भक्कम दाखला. यावरचे त्यांचे पुस्तक गाजले. २००८ मध्ये चार राज्यशास्त्रज्ञांनी त्यातली मूळ गफलत दाखवली. पेप यांनी जिथे हल्ले झाले तेवढीच ठिकाणे पाहिली होती. परकीय फौज आहे पण आत्मघातकी हल्ले नाहीत, अशा जागा हिशेबात धरल्याच नव्हत्या, आणि त्या धरल्याविना कारण सिद्ध होत नाही. हा दोष या क्षेत्रात सर्वत्र आढळतो. एखादा तरुण अतिरेकी कसा झाला हे शोधताना आपण त्याचे घर, त्याची बेरोजगारी, त्याने पाहिलेले व्हिडिओ मोजतो. त्याच गल्लीत, त्याच परिस्थितीत वाढलेल्या आणि बंदूक न उचललेल्या हजारो मुलांकडे जात नाही. गरिबीतून दहशतवाद येतो हे विधान असेच रुळले होते. अॅलन क्रूगर आणि जित्का मालेच्कोव्हा यांनी २००३ मध्ये पॅलेस्टाइन आणि लेबनॉनमधली माहिती तपासून दाखवले की गरिबीचा किंवा अशिक्षितपणाचा असा थेट संबंध दिसत नाही. अर्थात तो निष्कर्ष गडचिरोलीला किंवा बस्तरला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे जाऊनच पाहावे लागेल.

जाणारे आहेत, आणि या विषयात टिकणारे काम बहुतेक त्यांचेच आहे. बेला भाटियांनी मध्य बिहारमधल्या नक्षलवादी चळवळीवर गावात राहून काम केले. जॉर्ज कुन्नथ यांनी त्याच राज्यातल्या दलित शेतमजुरांबरोबर राहून पाहिले की माणसे चळवळीत का जातात आणि नंतर का निघून येतात. लंडनच्या मानववंशशास्त्रज्ञ आल्पा शाह झारखंडमध्ये आदिवासींत राहिल्या आणि २०१० मध्ये माओवादी तुकडीबरोबर सात रात्री सुमारे २५० किलोमीटर चालल्या. त्या चालण्यातून त्यांना दिसलेली गोष्ट कुठल्याही आकडेवारीत नव्हती: तिथली तरुण मुले घरी भांडण झाले म्हणून काकाच्या घरी राहायला जावे, तशी दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, जातयेत होती. अशा एका निरीक्षणाने ‘ब्रेनवॉश’ आणि ‘शोषण’ या दोन्ही ठरीव स्पष्टीकरणांपुढे प्रश्न उभा राहतो.

पण याची किंमत मोजावी लागते. बस्तरवर दीर्घकाळ काम करणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्धची सशस्त्र मोहीम बेकायदा ठरवली. २०१६ मध्ये छत्तीसगड पोलिसांनी त्यांचे नाव एका खुनाच्या गुन्ह्यात घातले. पुरावा नसल्याने २०१९ मध्ये ते वगळावे लागले. बेला भाटियांना २०१७ च्या जानेवारीत जगदलपूरजवळच्या घरी येऊन जमावाने धमकावले. परदेशातही असेच आहे. केंब्रिजचा संशोधक जुलिओ रेजेनी कैरोत कामगार संघटनांचा अभ्यास करत होता. २०१६ मध्ये त्याचे छळाच्या खुणा असलेले प्रेत रस्त्याकडेला सापडले. २००८ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला अल कायदाची पुस्तिका उतरवून घेतल्याबद्दल अटक झाली. ती पुस्तिका अमेरिकी सरकारच्याच संकेतस्थळावर होती. त्याला आरोपाविना सोडले आणि पोलिसांना पुढे भरपाई द्यावी लागली.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण बेलफास्टचे आहे. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष १९९८ च्या कराराने थंडावल्यावर अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने एक योजना आखली. आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) आणि तिच्या विरोधातल्या ब्रिटननिष्ठ गटांतल्या माजी लढवय्यांनी आपली हकिगत सांगायची, ध्वनिफिती कॉलेजच्या ग्रंथालयात कुलूपबंद राहतील आणि सांगणाऱ्याच्या मृत्यूआधी त्या उघडणार नाहीत. पत्रकार एड मोलनी यांनी प्रकल्प चालवला. मुलाखती घेणाऱ्यांपैकी एक, अँथनी मॅकिंटायर, स्वतः आयआरएचा माजी कैदी होता. २००१ ते २००६ मध्ये चाळीसहून अधिक माणसे मोकळेपणाने बोलली. अनोळखी प्राध्यापकाशी ती कधीच बोलली नसती.

२०१० मध्ये दोन दिवंगतांच्या कथनांवर पुस्तक निघाले. १९७२ मध्ये बेलफास्टमधून दहा मुलांची आई असलेल्या जीन मॅककॉनव्हिल यांना पळवून ठार मारले होते. त्या प्रकरणाचा उल्लेख त्यात होता. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दोन देशांतल्या कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली अमेरिकेकडे फिती मागितल्या. खटला चालला. अमेरिकी अपील न्यायालयाने ८५ ऐवजी ११ मुलाखती द्याव्यात असे ठरवले, पण संशोधकाला गोपनीयतेचा पूर्ण अधिकार आहे हे मान्य केले नाही. अमेरिकी कायदा परवानगी देईल तेवढीच हमी देता येते, ही अट कॉलेज आणि प्रकल्पप्रमुख यांच्या करारात होती. मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदात ती नव्हती. २०१४ मध्ये शिन फेनचे नेते गेरी अॅडम्स यांना या खुनाच्या चौकशीसाठी चार दिवस ताब्यात ठेवले; त्यांनी आरोप नाकारला आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. आयव्हर बेल या वृद्ध माजी सदस्यावर खटला भरला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्या फिती पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असे ठरवून त्याला निर्दोष ठरवले. म्हणजे मॅककॉनव्हिल यांच्या मुलांना न्याय मिळाला नाही, बोलणाऱ्यांना दिलेला शब्द मोडला आणि अनेकांनी आपल्या फिती परत मागितल्या.

इथे दुसरी बाजू विसरता येत नाही. आईचे प्रेत शोधण्यात तीस वर्षे घालवलेल्या मुलांनी संशोधकाच्या गोपनीयतेचा आदर का करावा? मला वाटते, खुनाचा ठोस पुरावा हाती आला तर तो दाबण्याचा अधिकार संशोधकाला असू नये. पण मग बोलण्याआधीच ही मर्यादा समोरच्याला स्पष्ट सांगायला हवी. मोठा शब्द देऊन माणसाला बोलते करायचे आणि नंतर कायद्यापुढे हात वर करायचे, हे चुकीचे आहे. विद्यापीठ या प्रकरणात कमी पडले.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. आपल्या पुरावा कायद्यात वकील आणि अशील यांच्यातला संवाद सुरक्षित आहे, पतिपत्नीचा आहे, संशोधकाचा नाही. यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याच्या ४३-एफ कलमाखाली तपास अधिकारी वरिष्ठाच्या मंजुरीने कोणत्याही व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून माहिती मागू शकतो, आणि ती न दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एल्गार परिषद प्रकरणात नागपूर विद्यापीठाच्या, दिल्ली विद्यापीठाच्या आणि गोव्यातल्या व्यवस्थापन संस्थेच्या प्राध्यापकांना अटक झाली. त्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे आणि आरोपींविषयी मी इथे मत देत नाही. पण त्याच प्रकरणात दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ ला म्हटले, की हिंसेला प्रोत्साहन देणारा मजकूर नुसता जवळ बाळगणे हा स्वतःहून दहशतवादाचा गुन्हा होत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने हे मोठे संरक्षण आहे. अडचण अशी की ते वर्षानुवर्षे तुरुंगात काढल्यावर मिळाले. माओवादी साहित्यावर पीएचडी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक आज काय सल्ला देईल, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. विषय बदलला जातो, आणि न झालेल्या संशोधनाची नोंद कुठेच राहत नाही.

नव्या माध्यमांनी काम सोपे होईल असे वाटले होते. झाले उलटेच. हिंसक मजकूर हटवण्याच्या भरात २०१७ मध्ये यूट्यूबने सीरियातल्या अत्याचारांचे हजारो व्हिडिओ काढून टाकले. त्यांत युद्धगुन्ह्यांचे पुरावे होते. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना मिळणारी मोफत माहिती बंद केली, २०२४ मध्ये मेटाने क्राउडटँगल हे साधन बंद केले. जे मिळते ते बघण्याचा त्रास वेगळा. रोज शिरच्छेदाचे व्हिडिओ पाहून त्यांचे वर्गीकरण करणाऱ्या तरुण संशोधकांची झोप उडते, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या अर्जात संशोधकाच्या मनासाठी एक ओळही क्वचित असते.

पैशाचा प्रश्नही आहेच. १९६५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पैशावर चालणारा ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ चिलीत उघडा पडला, तेव्हा पुढची कित्येक वर्षे लॅटिन अमेरिकेत प्रत्येक समाजशास्त्रज्ञ हेर समजला गेला. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण सरकारी संस्थेच्या ओळखपत्रावर गावात गेलेल्या माणसाला गाव काय सांगेल आणि काय नाही, हे कळायला मोठ्या अनुभवाची गरज नाही.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण गडचिरोली आहे. माओवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह तिथे मुख्यमंत्र्यांसमोर शरण आले. २००५ पासूनच्या आत्मसमर्पण योजनेतून शेकडो जण आधीच बाहेर आले आहेत. चाळीस वर्षांहून अधिक चाललेल्या एका संघर्षाचे साक्षीदार आज जिवंत आहेत: दलममध्ये वाढलेल्या मुली, पोलिसांच्या सी-६० पथकाचे जवान, दोन्ही बाजूंनी मार खाल्लेल्या गावांचे पाटील, खबऱ्या ठरवून मारलेल्यांच्या विधवा. शरण आलेल्यांचे जबाब पोलिसांनी घेतले आहेत. पण घर, पैसा आणि जीव या तिन्हींसाठी जो पोलिसांवर अवलंबून आहे, त्याचा जबाब हा इतिहास होऊ शकत नाही. त्याने मुलाखतीला दिलेली संमतीसुद्धा जपूनच धरली पाहिजे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. गोंडवाना विद्यापीठाने, शक्य तर पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांना सोबत घेऊन, गोंडी, माडिया आणि मराठीत मौखिक नोंदींचे काम याच वर्षी हाती घ्यावे. त्याआधी शासनाशी लेखी करार करावा, की ठरावीक वर्षे हे साहित्य तपासासाठी मागितले जाणार नाही आणि न्यायालयाने मागितलेच तर कोणत्या गुन्ह्यांपुरते. ती मर्यादा बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. निकाली निघालेल्या दहशतवाद खटल्यांचे कागद अभ्यासकांना उघडे करावेत. आणि मेलेल्यांच्या घरच्यांची साक्ष सर्वांत आधी घ्यावी, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही आणि ती माणसे म्हातारी होत आहेत.